आक्षेप असल्यास हात वर करावा

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचं छोटंसं चर्च, सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या वरच्या हॉलमध्ये भरते. खाली मुलं कलेक्टर व्हायला बसलेली असतात आणि वर आम्ही स्वर्गात जायला. त्यांचा निदान निकाल तरी लागतो.

आमच्यात पगारी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. मंडळी सांभाळायची ती नेमलेल्या वडिलांनी, म्हणजे चार पोक्त, जबाबदार पुरुषांनी, अशी पद्धत. पण मला कळायला लागल्यापासून आमच्याकडे एकही वडील नेमला गेलेला नाही. माणसं आहेत हो! पण आक्षेपही आहेत. नाव सुचवलं की तो गृहस्थ समोर उभा राहतो आणि सभा चालवणारे भाऊ म्हणतात, "आक्षेप असल्यास हात वर करावा." एक हात वर गेला की नाव बाद. वडील निर्दोष असावा, असं शास्त्रात आहे. आता या पेठेत शेजाऱ्यांच्या मते निर्दोष असलेला माणूस शोधायचा, म्हणजे कप्पाळ!

हात बहुतेक वेळा माझ्या आईचाच असायचा. निवृत्त मुख्याध्यापिका, उत्तरपत्रिका संपल्या, लाल पेन संपलं नाही. एक जण बाद झाला, कारण त्याची मुलगी स्वतःच्या लग्नात नाचली. दुसरा गृहस्थ प्रवचन देताना सारखा घड्याळाकडे बघतो म्हणून गेला. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले काका.

"पार्किंगवरून खालच्या क्लासवाल्याशी भांडताना मी यांना ऐकलंय," आई म्हणाली. "वडील शांत स्वभावाचा हवा."

"अहो बाई, तुमच्याच लेकीची गाडी अडकली होती. ती सोडवत होतो."

"भांडण ते भांडण."

काका जागेवर जाऊन बसले.

यंदा आईला न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, जवळच्या लोकांना बोलावून घ्या. आईनं तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि म्हणाली, "मंडळीच्या वडिलांना बोलव. तेल लावून प्रार्थना करतील." आजाऱ्यासाठी शास्त्रात तसंच सांगितलंय.

"आई, वडील कुठून आणू गं?" मला रडू येत होतं आणि तिचा संतापही येत होता. तिला खरंच भीती वाटत होती. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मी बाहेर येऊन फोन लावले. मुलीच्या नाचापायी बाद झालेले म्हणाले, "मी नेमलेला नाही ना ताई, मला अधिकार नाही. आम्ही घरूनच प्रार्थना करतो." घड्याळवाल्यांना वाटलं, अशा विषयावर आधी बैठक घ्यावी. रविवारी. मी फोन आपटलाच. मग काकांना लावला.

"कुठलं हॉस्पिटल?" त्यांनी एवढंच विचारलं.

काका लगेच आले. हेल्मेट काखेत, खिशात घरातल्या खोबरेल तेलाची बाटली. त्यांनी आईच्या कपाळाला बोट लावलं आणि प्रार्थना सुरू केली. आईनं त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. प्रार्थना संपल्यावरही ती सोडेना, तेव्हा काका स्टूल ओढून तिथेच बसले. संध्याकाळपर्यंत बसून होते.

आई बरी झाली. देवाची कृपा, डॉक्टरांची मेहनत. जिना चढता यायला लागल्यावर ती पहिल्यांदा उपासनेला आली, त्याच रविवारी मी उभी राहून काकांचं नाव सुचवलं. म्हटलं, आज तरी हे घोडं गंगेत न्हाणार.

"आक्षेप असल्यास हात वर करावा."

आईचा हात वर.

"नेमणूक झालेली नसताना यांनी वडिलांचं काम केलं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी स्वतः साक्षीदार आहे."

आणि लोकांनी माना डोलावल्या! माझं डोकंच फिरलं. भर सभेत ओरडले, "आई, पुढच्या वेळी कोणाला बोलवू?"

ती हात तसाच वर धरून काकांकडे बघत राहिली.

काकांनी जागेवर येऊन खुर्चीखालचं हेल्मेट उचललं. "मलाच बोलवा," ते म्हणाले. "मी नेमलेला नाही, त्यामुळे मला बैठक लागत नाही. लगेच येता येतं."

आईचा हात हळूहळू खाली आला. पण तोवर भाऊंनी नाव बाद करून पुढचं गीत सांगितलं होतं.