नागावातले तडकलेले पाव

आमच्या ग्रुपचे पाव सकाळी ओव्हनमधून निघतात आणि दुपारपर्यंत संपतात. त्यांच्यावरून झालेले तमाशे मात्र संपत नाहीत, साठत जातात. परवा बहिणीला फोनवर त्यातला एकच सांगायला घेतला, त्यातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि तिकडे तिची आमटी करपली. तेव्हा गॅसवर काही असेल तर बंद करून या.

ग्रुप म्हणजे आम्ही नागावातल्या चार बायका. पहिली पल्लवी. लॉकडाऊनमध्ये दादरहून नवऱ्याच्या वाडीत राहायला आली, ती परत गेलीच नाही. तिने बेकिंगचा ऑनलाइन कोर्स केलाय, त्यामुळे ती आमची गुरू आहे असं तिचं मत. दुसऱ्या मंदाकाकू. उकडीच्या मोदकांसाठी गावात प्रसिद्ध, आणि हे त्या कुणाला विसरू देत नाहीत. तिसरी रंजना, आमच्यात जिला खरोखर पाव येतो अशी एकटीच. चौथी मी, शैला. माझा हात कमी चालतो आणि तोंड जास्त.

आमचा पाव साधा नाही. आतून मऊ लुसलुशीत आणि वरून कुरकुरीत, भेगा पडलेला. तांदळाची पिठी, यीस्ट, साखर, तेल आणि पाणी यांचं सरसरीत मिश्रण करायचं आणि फुगलेल्या पावाला वरून जाडसर फासायचं. ओव्हनमध्ये पाव आणखी फुगतो, पिठीला काही ताणता येत नाही, मग ती तडकते. मे महिन्यात खाजण सुकल्यावर जमीन तडकते ना, अगदी तशी. फक्त ही खमंग लागते.

मोठा ओव्हन रंजनाच्या घरी, मागच्या पडवीत. त्या पडवीवर तिच्या दिराचा डोळा. महेशच्या समुद्रावर बनाना बोटी आहेत आणि त्याला लाइफ जॅकेटं ठेवायला जागा हवी. "वहिनी, सीझन सुरू व्हायच्या आत पडवी मोकळी करा. चार पावांसाठी एवढी जागा अडवायची काय?" असं तो येता-जाता ऐकवतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरात रंजनाची स्वतःची अशी तेवढीच एक जागा. हे सगळ्यांना कळतं, महेश सोडून.

* * *

पल्लवीच्या पहिल्या क्लासला तिने आम्हाला थर्मामीटर दाखवला. मला वाटलं कुणाला ताप आलाय. तर तो पिठाचा!

"पीठ सत्तावीस डिग्रीला फुगवायचं असतं," ती म्हणाली. महिना मे. नागावात सत्तावीस डिग्री विहिरीच्या तळाशी सापडली तर सापडेल. तिच्या स्वयंपाकघरात पीठ बघता बघता भांड्यातून उतू जाऊन ओट्यावरून खाली निघालं.

पल्लवीकडे पर्यटकांसाठी एक एसीची खोली आहे. त्या दिवशी तिथे ठाण्याचं एक जोडपं उतरलं होतं. ते समुद्रावर गेल्याचं बघून हिने पीठ नेऊन त्यांच्या पलंगावर ठेवलं, एसी सत्तावीसवर लावला आणि दाराला कुलूप घातलं. बिचारे परत आले आणि बाहेर पडवीत घाम पुसत बसले.

त्या जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं, "आमच्या खोलीत कुणी आहे का?"

पल्लवी म्हणाली, "झोपलंय. अर्ध्या तासात उठेल."

* * *

मंदाकाकूंना वरचं मिश्रण कसं करायचं ते पल्लवीने दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मान डोलावणारा माणूस ऐकत नसतो हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे.

तांदळाची पिठी दिसली आणि काकूंचा हात आपसूक चालायला लागला. पाणी उकळलं, त्यात लोणी, मीठ, पिठी, वर झाकण, दणदणीत वाफ. उकड तयार! मग तुपाचा हात लावून ती मळली, पाऱ्या केल्या आणि प्रत्येक पावाला एकेक टोपी घातली. वर मुरडून कळ्यासुद्धा पाडल्या.

भाजून निघाल्यावर पाव खाली आणि टोप्या वर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हात लावला की टोपी अख्खी निघून येई.

काकूंनी एक टोपी उचलली, उजेडात धरून निरखली आणि म्हणाल्या, "कळ्या बघ किती नाजूक आल्यात. तुझा पावच कुठेतरी बिघडलाय."

* * *

एकदा अलिबागच्या बाजारात यीस्ट मिळेना. पल्लवीला तेवढंच निमित्त. तिने जाहीर केलं की आता आपण माडी घालून पाव करायचा. पूर्वी असाच करत, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाडीत माड आहेत, गावात माडी काढणारा आहे, अडचण काहीच नाही.

अडचण मंदाकाकूंची. "ते भांडं माझ्या पाटाजवळसुद्धा आणू नका," असं म्हणून त्या दूर जाऊन बसल्या. पण त्यांचे यजमान भाऊकाका, ज्यांनी जन्मात कधी चहा गाळला नाही, ते आपणहून पुढे आले. "माडी मी आणतो. पीठही मळतो. बायकांनी किती करायचं?"

काका रविवारी सकाळी मोठा कॅन घेऊन निघत आणि ऊन चढल्यावर अर्धा कॅन घेऊन येत. पीठ मळता मळता त्यांना गाणं सुचे. पाव बरे होत, काका त्याहून बरे होत. सलग काही रविवार मंदाकाकू माझ्याकडे अभिमानाने सांगत होत्या, की बघ, या वयात माणूस काहीतरी शिकतोय.

मग बाजारात यीस्ट आलं. त्या रविवारी मी काकांना हाक मारली, "काका, येताय ना मळायला?"

झोपाळ्यावरून उत्तर आलं, "नको. त्यात आता मला शिकण्यासारखं काही राहिलं नाही."

* * *

पल्लवीला रील करायचं होतं. पाव मोडताना वरचा थर कसा कुर्रकन वाजतो, नुसता तो आवाज. त्यासाठी तिने पंखा बंद केला, रंजनाच्या कोंबड्या लांब हाकलल्या, आम्हाला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावला. पाव सुंदर मोडला, आवाजही झकास आला. रील टाकून ती लाइक मोजत बसली.

संध्याकाळी तोंड पाडून आली. पाव मोडला नेमक्या त्या क्षणी बाहेरच्या रस्त्यावरून मासळीवाली ओरडत गेली होती. घरात कुणाला जाणवलंसुद्धा नाही, कारण ती रोजच जाते. रीलखाली पावाबद्दल एक अक्षर नाही. सगळे विचारतायत, ओले बोंबील कसे दिले?

पल्लवीने कुणालाही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेणहून एक गृहस्थ पिशवी घेऊन तिच्या दारात उभे.

* * *

आता पर्यटकांची एक गंमत. माझ्याकडेही दोन खोल्या आहेत, त्यामुळे हे रत्न माझ्याच वाट्याला आलं. पुण्याची एक बाई. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, हातात कॅमेरा. नाश्त्याला रंजनाचे पाव ठेवले तर विचारते, "हा इथला पारंपरिक पदार्थ का? काय म्हणतात याला?"

मी खरं सांगणार, तेवढ्यात मंदाकाकू, ज्या केवळ पाहुणी बघायला आल्या होत्या, ठामपणे म्हणाल्या, "भेगाळे."

असा शब्द आमच्या गावात त्याआधी कुणी ऐकला नव्हता. बाईंनी फोटो काढले, कुठे कुठे टाकले. पुढच्या सीझनला लोक येऊन भेगाळे मागायला लागले. इथपर्यंतही ठीक होतं. पण मग एक साहेब आले, त्यांनी काकूंच्या हातचा पाव चाखला आणि नाक मुरडलं.

"ओव्हनमध्ये केलेत ना? खरे भेगाळे चुलीवरच होतात, काकू. तुमच्या पिढीला माहीत नसेल."

काकू त्या रात्री जेवल्या नाहीत.

* * *

आणि आता रंजनाच्या ऑर्डरचं.

मांडव्याला जेट्टीच्या अलीकडे एका मुंबईकराने कॅफे काढलाय. चुरगळलेला लिननचा शर्ट, पायात कोल्हापुरी, आणि प्रत्येक गावठी गोष्टीला "रस्टिक" म्हणायची सवय. बोटीतून उतरलेले लोक त्याच्याकडे मुंबईच्याच भावात मुंबईचीच कॉफी पितात. त्याला आमचे पाव कुणीतरी दाखवले. तो म्हणाला, रविवारी येऊन चव बघतो, आवडले तर दर शुक्रवारी घेईन.

महेशने घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ऑर्डर मिळाली तर पडवी वहिनीची. नाय मिळाली, तर दुपारी जॅकेटं आत." मला संताप आला, पण घर माझं नव्हतं.

रविवारी पहाटे उठून रंजनाने पाव केले. मी बघून आले. तोंडात बोट घालावं असे झाले होते, सोनेरी, सारख्या भेगांचे. ट्रे ओट्यावर ठेवून ती अंघोळ करायला, साडी बदलायला गेली. ओट्यापाशी राहिली फक्त तिची सासू.

पल्लवी, मंदाकाकू आणि मी पोचलो, रंजनाही साडी बदलून आली, तर ट्रेमधले सगळे पाव टकले! वर नुसते पांढरे ओरखडे. सासूबाई हातात सुरी घेऊन, दमून, पण समाधानाने बसलेल्या.

"पोरी, तुजी लाज राखली मी," त्या रंजनाला म्हणाल्या. "समदे पाव तडकले व्हते. असे काय पावन्याला द्याचे? एकेक धरून खरवडून काढला. आता बघ कसे गुलगुलीत झाले."

रंजना रडली नाही. ओव्हनचं दार बंदच होतं, ते तिने पुन्हा एकदा लावलं आणि पायरीवर जाऊन बसली. खूप वाईट वाटलं मला. अंगणात महेश दोन्ही खांद्यांवर ओली जॅकेटं घेऊन हजर.

तेवढ्यात कॅफेवाला आला. टकला पाव मोडला, चावला, मान हलवली. "सॉफ्ट आहे. पण सॉफ्ट पाव तर मला कुणीही देतं." महेशने एक पाय पडवीत टाकला.

सासूबाई सूप घेऊन दाराकडे निघाल्या होत्या. सुपात खरवडलेल्या पापड्यांचा ढीग. कॅफेवाल्याने जाता जाता एक तुकडा उचलून तोंडात टाकला. कुर्र. मग दुसरा. मग सूपच हातातून घेतलं आणि रंजनाशेजारी पायरीवर बसला.

"हे काय आहे?"

"ते कोंबड्यांचा हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटले. "फार्म टू टेबल," तो म्हणाला.

ऑर्डर पक्की झाली, पापड्यांची. पाव त्याला नकोच. पिठी नुसती ट्रेवर पसरून भाजली तर तडकत नाही, खाली फुगणारा पाव लागतोच, म्हणून रंजना दर शुक्रवारी पाव करते आणि सासूबाई सुरी घेऊन बसतात. टकले पाव समुद्रावरचा वडापाववाला नेतो. पडवी रंजनाची झाली. जॅकेटं महेशच्या बेडरूममध्ये आहेत आणि त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही.

मागच्या महिन्यात रंजना सासूबाईंना मुद्दाम मांडव्याला घेऊन गेली, मीही गेले. कॅफे भरलेला. प्रत्येक टेबलावर मातीची छोटी वाटी, वाटीत पापड्या, आणि काळे चष्मे लावलेली माणसं एकेक उचलून कुरकुर खातायत. मालक स्वतः धावत आला, आजींच्या पाया पडला, विचारलं, "आजी, कसं वाटलं?"

सासूबाईंनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. काउंटरच्या मागे वाकून बघितलं. मग त्याचा हात धरून काळजीने विचारलं, "समदा चांगला हाय. पन बाला, तुज्या कोंबड्या काय खातात?"