बिनगळाचा बेडूक

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमची लष्कराची इंजिनियर कंपनी ब्रिजिंग, म्हणजे पूल बांधण्याच्या ट्रेनिंगसाठी तापीच्या उत्तर काठावर सहा आठवडे कॅम्पला होती. मी नायक होतो. माझं गाव चोपड्याजवळ, कॅम्पपासून एसटीनं दीड तासावर. नोकरीच्या काळात स्वतःच्या जिल्ह्यात ड्युटीवर येण्याचा योग मला तेवढा एकदाच आला.

कंपनीत खानदेशातले आम्ही दोघंच. दुसरे हवालदार गुलाबसिंग पावरा. त्यांचं गाव यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वय बत्तीस, बांधा शिडशिडीत, बोलणं कमी. परेडवर मी त्यांना हवालदार साहेब म्हणायचो, परेड संपली की भाऊ. ते मला दोन्ही वेळा पाटीलच म्हणायचे.

सकाळी पाचला पीटी, साडेसातला पुलाचं काम, दोनला जेवण, पाचला गेम्स. गेम्सच्या वेळेत हवालदार साहेब कंपनी कमांडरांच्या परवानगीनं मासे धरायला जायचे. त्यांची पद्धत आमच्याकडच्या कोणी पाहिलेली नव्हती. ईशान्येच्या पोस्टिंगमध्ये एका कर्नल साहेबांबरोबर ते नदीवर जायचे. त्यांनी शिकवलं, आणि रिटायर होताना आपला फायबर ग्लासचा रॉड यांना देऊन टाकला.

या प्रकारात गांडूळ किंवा पीठ लावत नाहीत. गळावर पिसं, केस, दोरा बांधून खोटा किडा करतात. त्याला फ्लाय म्हणतात. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून वजन दोरीला देतात. पाण्यावर तरंगणारी जाड दोरी रॉडनं मागे-पुढे झुलवून सोडायची, ती फ्लायला घेऊन जाते. ही दोरी माशाला दिसू नये म्हणून तिच्या टोकाला पारदर्शक नायलॉन असतं. त्यातला शेवटचा, गळाला बांधलेला तुकडा म्हणजे टिपेट.

हवालदार साहेब मरळीच्या मागे असत. मरळ गवताळ, साचलेल्या पाण्यात राहते आणि बेडूक दिसला की झडप घालते. म्हणून ते बेडूक बांधायचे. एमटी, म्हणजे गाड्यांच्या वर्कशॉपमधल्या हँड व्हाइसमध्ये, छोट्या शिकंज्यात, गळ पकडायचा. जुन्या हवाई चपलेचा तुकडा कापून त्याचं अंग, म्हणजे तो तरंगतो. कोंबड्याच्या मानेची पिसं, बकरीचे केस, रबर बँडचे पाय. दोऱ्याला चोळायला गावाकडून आणलेलं मधमाशीचं मेण. एका बेडकाला चाळीस मिनिटं लागत. दोऱ्याचा एक वेढा जरी दुसऱ्यावर चढला तरी ते सगळं उसवून पुन्हा बांधत. मी ते बघत बसायचो. दिवसभर लोखंडी पॅनल उचलणारे हात ते काम करताना मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत.

त्यांच्याकडे टिपेटची तीन रिळं होती. पाच, आठ आणि दहा किलो ताकदीची. एका रविवारी आउटपास घेऊन आम्ही जळगावला मेहरूणच्या तलावावर गेलो होतो. मी विचारलं, "भाऊ, कायम दहाचंच का लावत नाही? तुटायची भीतीच नाही."

"दहाचं ताठ असतं. हलका बेडूक त्याला उलगडत नाही, अर्ध्यात गोळा होऊन पडतो."

"मग पाचचं?"

"पाचवर जड बेडूक भोवऱ्यासारखा फिरतो. नायलॉनला पीळ बसतो. आणि मरळ धरली की गवतात घुसते, तिथं पाच टिकत नाही. आधी पाणी बघायचं, मग बेडूक, मग टिपेट. उलटं नाही."

त्या दिवशी त्यांनी दोन मरळी धरल्या. एक सोडून दिली, कारण ती पिल्लांवर होती.

कॅम्पच्या पाचव्या आठवड्यात, सप्टेंबरमध्ये, सातपुड्यात दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ६:४० ला मी सिग्नल टेंटमध्ये होतो. वायरलेस सेट बोलला. अल्फा म्हणजे आम्ही.

"अल्फा फॉर कंट्रोल. सिव्हिल प्रशासनाची मागणी. नदीत लोक अडकलेत. बोट आणि रेस्क्यू पार्टी ताबडतोब पाठवा. ओव्हर."

"अल्फा. किती लोक? ओव्हर."

"दहा-बारा. पाणी चढतंय. आउट."

७:०५ ला दोन गाड्या निघाल्या. कंपनी कमांडर साहेब, चौदा जवान, एक बोट. ८:२० ला पोहोचलो.

डोंगरातून येणारी नदी, तिच्यावर फरशी पूल. पहाटे कापसाच्या निंदणीला निघालेले मजूर फरशीवर असताना पाणी आलं. ते मधल्या उंच खडकावर चढले आणि मागे फरशी फुटली. आमच्या काठापासून खडक तीस मीटरवर. चार पुरुष, सात बायका. काठावर गाव जमलं होतं.

बोट टाकली. पंचवीस मीटर जायच्या आत मोटरचा पंखा दगडावर आपटून तुटला. बोट तीनशे मीटर खाली जाऊन काठाला लागली. जवान सुखरूप होते. दोरीशिवाय बोट जाणार नाही हे नक्की झालं.

मग दोरी फेकली. फुटलेल्या फरशीच्या टोकावर कमरेभर पाण्यात उभं राहून जोर लागत नव्हता. वजन बांधून फेकलेली दोरी दर वेळी कमी पडली, बुडाली आणि दगडांत अडकली. साहेबांनी काठावरच्या एका दगडावर खूण केली होती. अर्ध्या तासात पाणी चार बोटं चढलं.

हवालदार साहेब कंपनी कमांडरांपुढे उभे राहिले.

"साहेब, माझा रॉड गाडीत आहे. ती दोरी तरंगते. खडकाच्या वरच्या अंगाला टाकली तर पाणीच तिला त्यांच्याकडे नेईल."

साहेबांनी नदीकडे बघितलं. "त्या दोरीची ताकद किती?"

"बारीक पॅराकॉर्ड ओढून नेईल. पॅराकॉर्ड मोठा रोप नेईल."

"करा."

त्यांनी बेडूक काढला आणि पक्कडीनं गळाचं टोक तोडून टाकलं, कोणाच्या हातात घुसू नये म्हणून. टिपेट आठचं होतं, तेच ठेवलं. कमरेला सेफ्टी रोप बांधून ते फरशीच्या टोकाला गेले. रोप मी धरला होता. दोरी तीनदा झुलली आणि सुटली. बेडूक खडकाच्या वरच्या अंगाला पाण्यात पडला, वाहत आला, आणि एका म्हाताऱ्यानं तो उचलला. तेवढ्यात बाभळीची फांदी वाहत येऊन दोरीवर बसली. टिपेट तुटलं. म्हाताऱ्याच्या हातात नुसता बेडूक राहिला.

काठावरचं कोणीतरी रडायला लागलं. हवालदार साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. पाण्यातच उभं राहून त्यांनी दहाचं नायलॉन काढलं, दुहेरी केलं आणि वितभरच ठेवलं. दुहेरी दहा तारेसारखं ताठ. त्याला उलगडायला त्यांनी डबीतला सर्वांत मोठा बेडूक घेतला, त्याचाही गळ तोडला. गाठ थुंकीनं ओली करून हळू आवळली, दातात धरून ओढून पाहिली. मग सोडली आणि पुन्हा बांधली. मला वाटलं, एवढा वेळ नाही. पण त्यांचं बरोबर होतं.

९:५० ला दुसरी फेक गेली. खडकावरच्या एका पन्नाशीच्या बाईनं दोरी पकडली.

हवालदार साहेब ओरडले, "अक्का, वढ! हातले गुंडाळू नको, नुसती वढ!"

ती हात बदलत ओढू लागली. दोरीमागून पॅराकॉर्ड गेली, तिच्यामागून रोप. रोप खडकाला कसा बांधायचा ते हवालदार साहेबांनी एकेक करून सांगितलं, कधी अहिराणीत, कधी त्यांच्या पावरी बोलीत. बाईनं तो बैल बांधल्यासारखा बांधला. आम्ही पाच जणांनी इकडून ताण दिला. रोप हलला नाही.

जवानांनी खांद्यावरून परत आणलेली बोट रोपाला धरून न्यायची होती, बोटीला बांधलेली दुसरी दोरी काठावरच्यांच्या हातात. क्रू दोघांचा, हवालदार साहेब आणि मी. मजूर बोटीत बसायला घाबरत होते.

"बठ्ठासले लई जासूत," सगळ्यांना नेऊ, असं ते म्हणाले. "एक बी मांगे ऱ्हावाव नही. पहिले बाया."

पहिल्या फेरीत चार. दुसऱ्या फेरीत चार. लाइफ जॅकेट सहाच होती. शेवटच्या फेरीत रोपाची गाठ सांभाळायला थांबलेली ती बाई, म्हातारा आणि एक लंगडा माणूस. म्हाताऱ्याला जॅकेट उरलं नव्हतं, कारण दुसऱ्या फेरीतली दोन पट्टे तुटून वाहून गेली होती. हवालदार साहेबांनी आपलं काढून त्याला घातलं. मी माझं सोडायला लागलो.

"पाटील, ऑर्डर आहे. घालून ठेव."

निम्म्या अंतरावर वरून सागाचा ओंडका आला. तो रोपावर अडकला आणि बोट एका बाजूनं उचलली गेली. पाणी आत येऊ लागलं. हवालदार साहेब वरच्या अंगाला उभे राहिले, वल्हं ओंडक्याखाली घातलं आणि अंगाचा सगळा भार दिला.

"ओढा!" ते काठाकडे ओरडले.

ओंडका सुटला. वल्हं त्यात अडकलं होतं. ते ओंडक्याबरोबर गेले. मी हात पुढे केला तो त्यांच्या बाहीला लागला. बोट काठाला लागली तेव्हा १०:५५ झाले होते. अकराच्या अकरा जण बाहेर होते.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी सहा किलोमीटर खाली सापडले. कंपनी कमांडर साहेबांनी पदकाची शिफारस लिहिली तेव्हा मला बाजूला बसवलं होतं, मी पाहिलं तसं सांगायला. त्यांनी सगळं लिहिलं, रॉडसकट. वरून मंजूर होऊन आलं त्यात एवढंच होतं की उपलब्ध साधनांनी दोरी अडकलेल्यांपर्यंत पोहोचवली. त्यात चूक काही नाही. पण दुहेरी नायलॉन, दुसऱ्यांदा बांधलेली गाठ आणि तोडलेला गळ कुठल्याही कागदात नाही, म्हणून मी इथं लिहिलं.

त्यांचं सामान घरी पोहोचवायची ड्युटी मी मागून घेतली. यावलहून पुढे जीप, मग पायी. घरी त्यांची बायको होती, वडील होते. वडिलांनी ट्रंकेवर हात ठेवला. मी वहिनींना सगळं क्रमानं सांगितलं, जसं घडलं तसं.

मग त्यांनी विचारलं, "पानी गार व्हतं का?"

"नही, वहिनी. गढूळ व्हतं. गार नही व्हतं."

त्यांनी मान हलवली.

"त्यासले थंडी लई वाजे," त्या म्हणाल्या.

मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर एका कंपनीत होतो. बर्फातही होतो. मला ते कधी कळलं नव्हतं.