बॅनरवरचे सहा किलो

"मॅडम, तेवढा चहा बंद करू नका. सहा किलो गेलंय माझं."

सलाईनचा हात छातीशी धरून सोमनाथ मला विनवत होता. आमच्या रुग्णालयात दाखल होऊन त्याला जेमतेम एक दिवस झाला होता. मी तिथली डाएटिशियन. बावीस वर्षं हेच काम करतेय. वॉर्डातले लोक मला 'पथ्याच्या बाई' म्हणतात, आणि ते फारसं चूकही नाही.

सोमनाथ नाशिक-सुरगाणा जीप चालवतो. वय छत्तीस. आदल्या दिवशी वणीच्या पुढच्या घाटात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले. कशीबशी जीप डोंगराच्या बाजूला घेऊन त्याने हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. गाडीत नऊ पॅसेंजर होते. त्यांच्यातल्याच एकाने जीप वळवून त्याला नाशिकला आणलं.

आमचे डॉ. पगार राउंडला निघाले होते. जाता जाता मला म्हणाले, "आहेर मॅडम, याचं पोटॅशियम फार खाली आहे. रोज तीन-चार वेळा जुलाब होतात म्हणे, दीड महिना. कसला तरी चहा घेतो. बघा जरा."

पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. तो कमी पडला की स्नायू कमजोर होतात, हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडतात. जुलाबात तो पाण्याबरोबर निघून जातो.

सोमनाथची बायको यमुना स्टुलावर बसली होती. तिने पिशवीतून चहाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पुढे बारीक कंबरेची मुलगी, खाली मोठ्या अक्षरांत 'खाणं न सोडता वजन घटवा'. त्या ओळीच्या शेवटी एक इवलीशी चांदणी. पाकीट उलटं केलं. तीच चांदणी मागच्या कोपऱ्यात, आणि तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत 'योग्य आहार व व्यायामासोबत'. म्हणजे पुढे खाणं सोडू नका, मागे सोडा. घटकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर सोनामुखी.

"सोनामुखी कशासाठी घेतात, माहितीये?" मी विचारलं.

यमुना म्हणाली, "पोट साफ व्हायला. आमच्या सासूबाई पण तेच म्हणल्या. पण यांना पटंल तर ना!"

"पण वजन कमी झालं ना, मॅडम!" सोमनाथ हट्टाला पेटला. "काटा खोटं बोलतो का?"

काटा खोटं बोलत नाही. फक्त काय कमी झालं ते तो सांगत नाही. तिसऱ्या दिवशी सोमनाथ उभा राहण्याइतका सावरला, तेव्हा मी त्याला वॉर्डातल्या काट्यावर उभं केलं. आकडा लिहिला. मग अर्धा लिटर पाण्याची बाटली त्याला प्यायला लावली आणि पुन्हा काट्यावर चढवलं. अर्धा किलो वाढला.

"पाच मिनिटांत अर्धा किलो चरबी चढली का?"

तो काट्याकडे बघत राहिला. "पाणी हाय ते."

"तुझे सहा किलो गेले, त्यातलंही बरंचसं हेच. शिवाय अंगातली ताकद. चरबी थोडीफार गेली असेल, ती तू खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं म्हणून."

मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात यमुना म्हणाली, "आता फोटोचं सांगा की मॅडमला."

"कसला फोटो?"

सोमनाथने मान फिरवली. यमुनेनेच मोबाईल पुढे केला. सुरगाण्याच्या बाजारातला मोठा फ्लेक्स. त्यावर दोन सोमनाथ. डावीकडचा कोणाच्या तरी हळदीत, पोट सुटलेला, घामाघूम. उजवीकडचा काळ्या शर्टात, ताठ, हसरा. वर 'आधी' आणि 'नंतर'.

"चहाची पाकिटं फुकट देतो म्हणाला तो एजंट," सोमनाथ हळूच म्हणाला. "फोटो काढताना श्वास आत ओढून धर म्हणला. काळा शर्ट पण त्याचाच."

"आणि लोक विचारतात?"

"रोज विचारत्यात. मी सांगतो, लय भारी हाय." तो थांबला. एकेक नाव त्याला आठवत असावं. "माझ्या गाडीतल्या तिघीजणी घेत्यात. एक अंगणवाडीच्या ताई. त्यांचं बाळ चार महिन्यांचं हाय. मॅडम, त्यांनी घेतलं तर चालतं ना?"

"अंगावर पाजतात?"

"हो."

"आत्ता फोन लाव."

त्याने लावला. स्पीकरवरच.

"ताई, सोमनाथ बोलतोय, जीपवाला. तो चहा पिऊ नका. फेकून द्या."

"अरे, मागच्या आठवड्यात तूच तर म्हणालास, गुण येतो म्हणून!" पलीकडून आवाज आला. "आता काय झालं?"

सोमनाथने माझ्याकडे पाहिलं. मी फोन मागितला नाही. हे त्यानेच सांगायचं होतं.

"मी चुकीचं सांगितलं, ताई. मी दवाखान्यात हाय. त्या चहानंच पडलो. बाकीच्या दोघींना पण सांगा."

ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. दोन दिवस मलाही गळून गेल्यासारखं होतंय." मी फोन घेऊन त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं. माय-लेकरू दोघंही ठीक निघाली.

आता पाळी माझ्या चुकीची. डिस्चार्जच्या दिवशी मी सोमनाथला आमचा छापील डाएट चार्ट दिला. सकाळी ओट्स, अकरा वाजता फळ, दुपारी सॅलड, दोन फुलके, वाफवलेली भाजी. त्याने तो नीट वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. ती घडी मी ओळखते. तो कागद पुन्हा उघडत नाही.

"काय झालं?"

"काय नाय मॅडम. चांगलं हाय." मग जरा धीर करून म्हणाला, "पण दिवसभर मी स्टँडवर असतो. सॅलड कोण देणार मला?"

बरोबर होतं त्याचं. मी खुर्ची ओढली. "दिवसभर काय काय खातोस, ते वाटेवरच्या हातगाड्यांच्या क्रमाने सांग."

सकाळी नाशिकला दोन पाववडे. आख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला, आत बटाटा. वणीला मिसळ, तीन पाव. दुपारी भजी किंवा भेळ. गरम व्हायला लागलं की कोल्ड्रिंक. चहा सात वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. घरी जाऊन पोटभर भात.

"त्याच गाड्यांवर आणखी काय मिळतं?"

तो विचार करू लागला. अंडाभुर्जी. उकडलेली अंडी. पोहे. भाजलेले शेंगदाणे. सीझनला मक्याचं कणीस, पेरू. वणीला ताक.

मग आम्ही चार्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवा चार्ट लिहिला. पाववड्याच्या जागी पोहे किंवा दोन उकडलेली अंडी. मिसळ सोडायची नाही, पण मटकी जास्त मागायची, फरसाण अर्धं, तर्री वरून नको, पाव एकच. कोल्ड्रिंकऐवजी ताक. चहा तीनच, साखर एक चमचा. आठवड्यातून एकदा पाववडा, एकच, आणि तो अपराधी चेहरा न करता खायचा. यमुना म्हणाली, "दुपारची नागलीची भाकरी मी बांधून देईन. घरचीच तर नागली."

"मिसळ चालती?" सोमनाथने दोनदा विचारलं. इतका आनंद मी ओट्सवर कोणाला झालेला पाहिलेला नाही.

पाकिटाचे फोटो आणि रक्ताचे रिपोर्ट जोडून डॉ. पगारांनी आणि मी अन्न-औषध प्रशासनाकडे तक्रार पाठवली. ती आपल्या गतीने चालली आहे. सोमनाथ मात्र थांबला नाही. तो एजंटकडे गेला, बॅनरवरचा माझा फोटो काढून टाक म्हणाला. एजंट म्हणाला, "बॅनर आमचा आहे." सोमनाथ म्हणाला, "तोंड माझं हाय." दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गर्दीत त्याने स्वतः शिडी लावून बॅनर उतरवला, आणि बघायला जमलेल्यांना दवाखान्याची सगळी हकिकत सांगितली. तो चहा विकणाऱ्या बाजारातल्या दुकानदाराने उरलेली पाकिटं एजंटला परत दिली. फ्लेक्स आता सोमनाथच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहे, छापलेली बाजू आत करून.

तीन महिन्यांनी नवरा-बायको तपासणीला आले. पोटॅशियम ठीक. पॅन्टला एक भोक आत घेतलेला पट्टा. वजन चार किलोने कमी.

"चारच?" तो जरा हिरमुसला.

"चारच. पण हे चार किलो पाणी प्यायल्यावर परत येणार नाहीत."

यमुना हसली. जाताना म्हणाली, वणीच्या मिसळवाल्याकडे आता चार-पाच ड्रायव्हर 'सोमनाथची प्लेट' मागतात. मटकी जास्त, फरसाण अर्धं, पाव एक. मिसळवाल्याची तक्रार नाही, फरसाण वाचतंय.

आमचा छापील चार्ट मी बदलून घेतला. पेशंटला पहिला प्रश्न आता 'काय खाता' हा नसतो. 'कुठे खाता' हा असतो. हे शिकायला मला बावीस वर्षं लागली.