भावजी आणि मोडका प्लग

आमच्या भावजींइतका भित्रा माणूस महाड-पोलादपुरात दुसरा सापडला, तर मी त्याला भावजींच्या शेजारीच नेऊन बसवीन. दोघं एकमेकांना घाबरतील. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार डोंगरातल्या उमरठकडचे. धंदा इंजिनं दुरुस्त करायचा: पाण्याचे पंप, गवत कापायची यंत्रं. पाऊस वाढला की डोंगर खाली येईल या भीतीने ते ताईला आणि हत्यारांच्या पेटीला घेऊन महाडला आमच्याकडे येत, आणि सावित्री नदीचं पाणी चढतंय असं कळलं की त्याच पेटीसकट परत डोंगराकडे निघत. एका आषाढात अशा चार फेऱ्या झाल्या. घरातून बाहेर पडतानाही तेच. दोन पावलं पुढे, एक मागे. गॅस बघ, कडी बघ, पुन्हा गॅस बघ. "काय होल, सांगता येतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "असला कसला गो नवरा तुझा," असं आई त्यांच्यादेखत ताईला म्हणायची, आणि ते मान डोलवायचे.

एका वर्षी रस्ता बंद झाला आणि भावजी आमच्याकडेच अडकले. सकाळी पाणी गल्लीत शिरलं, दुपारी आमच्या पडवीत. घरात आई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली. गल्लीची मिळून एक इंजिनाची होडी होती, ती पडवीच्या खांबाला बांधलेली. ती सुरू होईना. ठिणगी पाडणारा प्लग बदलावा म्हणून मी पाना लावला, जोर केला, आणि प्लगचा पांढरा वरचा भाग मोडून हातात आला. खालचा आट्यांसकट आतच.

भावजींनी बघताक्षणी कारण ओळखलं. दर दसऱ्याला आम्ही त्या इंजिनाची मनोभावे पूजा करत होतो. हळदकुंकू नेमकं प्लगवर, वर पळीभर पाणी. "देव समजून गंजवलात रे," ते म्हणाले.

"भावजी, काढा लवकर!"

"घाय नको. आटे गेले तर आईला कशातनं नेशील?"

ते गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी तेल सोडलं, थांबले. चौकोनी टोकाच्या सळीला ग्रीस फासलं, धातूचा कीस इंजिनात न पडता तिला चिकटावा म्हणून, आणि ती आत अडकलेल्या तुकड्यात ठोकून बसवली. मग पाव आटा बाहेर, जरासा पुन्हा आत. तेल. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाणी उंबऱ्याला लागलं, मी रडकुंडीला आलो, आणि हा माणूस उलटं फिरवतोय! "नुसतं पुढं रेटून नाय चालत," ते म्हणाले. "जरा मागं यायला लागतंय." ज्या सवयीला आम्ही जन्मभर हसलो, तिच्यावरच आता माझ्या आईचा जीव अवलंबून होता. अर्ध्या तासाने तुकडा बाहेर आला.

नवा प्लग बसला, इंजिन फुरफुरलं. आईला उचलून होडीत निजवलं, ताई बसली. भावजी मात्र खांब धरून उभे. पोहता येत नव्हतं, होडीत कधी पाय ठेवला नव्हता. "तुमी जा. मी माळ्यावर बसतो." मग इंजिनाकडे बघून पुटपुटले, "आन् वाटंत बंद पडलं तर?" आणि चढले. उंचावरच्या शाळेपर्यंत पाना छातीशी धरून, डोळे गच्च मिटून बसले होते. आईने त्यांचं मनगट धरलं होतं. ते तिने शाळा आल्यावरही सोडलं नाही.

आई आता नाही. भावजी थकले, डोंगर उतरणं त्यांना झेपत नाही. पाऊस वाढला की फोन येतो: "प्लग सैल करून बघितलास काय रे?" मी पडवीत जातो. पाव आटा बाहेर, पाव आत. दारापर्यंत येतो, आणि पुन्हा एकदा बघायला मागे फिरतो. "असला कसला" म्हणायला आता घरात कुणी नाही.