शेंदराखालचं पिस्तूल

दसरा जवळ आला की फौजदारकीच्या दिवसांतलं चाकूरकडचं एक प्रकरण आठवतं.

खबर फोनवर आली. आमचा जुना खबऱ्या म्हणाला, एका गुरुजीच्या स्टेटसला पिस्तूल आहे, नवं कोरं. त्या दिवसांत जिल्ह्यात गावठी कट्टे सापडत होते, त्यामुळे वेळ घालवून चालणार नव्हतं. दोन पंच घेऊन मी गावात गेलो. जिल्हा परिषद शाळेतला तो शिक्षक स्वतःच दार उघडून उभा होता. त्याने देवघरातून पिस्तूल आणून समोर ठेवलं. ठासणीचं, जुन्या घडणीचं, पण नळी आरशासारखी चमकत होती आणि मुठीला नवे स्क्रू. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला आणि गुरुजींना ठाण्यात आणलं.

पेच साधा होता. खरं पुरातन पिस्तूल शोभेला ठेवलं तर परवाना लागत नाही. तेच जुन्याची नक्कल निघालं तर बेकायदा शस्त्र, म्हणजे अटक. आणि सरकारी नोकर दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबन ठरलेलंच. नांदेडच्या शस्त्रतज्ज्ञाला फोनवर फोटो दाखवले. तो म्हणाला, नळीवरची अक्षरं घासून गेलीत, स्क्रू नवे आहेत, असं बघून अस्सल म्हणता येणार नाही. वरून साहेबांचा फोन, अटक अजून का दाखवली नाही? संध्याकाळपर्यंतची मुदत मी मागून घेतली.

गुरुजी एकच सांगत होते, पणजोबांच्या वेळचं आहे. स्क्रू कुणी बसवले विचारलं की मान खाली. बसवणारा कुणी दोस्त असावा आणि त्याला अडकवायचं नाही, हे मला कळत होतं. चोर खोटं बोलताना डोळ्यांत बघतो, हा माणूस खरं लपवताना जमिनीकडे बघत होता. चहा आला तेव्हा कपाला लावलेली त्याची बोटं दिसली. नखांत तांबडं होतं.

"हे काय?"

"शेंदूर, साहेब. आमच्यात खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला त्याला शेंदूर-तेल लावत्यात. इतका थर चढला होता की पिस्तूल हाय का धोंडा, कळत नव्हतं. पोरं हसायली म्हणून औंदा काढलं अन् घासलं."

मी ताडकन उठलो. लहानपणी आमच्या गावच्या मारुतीचं शेंदराचं कवच गळालं होतं. त्याच्या आतल्या बाजूला देवाचे नाक-डोळे जसेच्या तसे उमटलेले मी पाहिले होते. काढलेला शेंदूर कुठे आहे, विचारलं.

"आईनं फडक्यात बांधला. देवाचं उतरलेलं उकिरड्यावर टाकत न्हाईत. सकाळीच नांदेडला गेली, माझ्या बहिणीकडं. गोदावरीत सोडणार हाय." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी हितं हाय ते तिला कळू देऊ नका."

बहिणीला फोन लावला. म्हातारी शेजारणीबरोबर नुकतीच घाटाकडे गेली होती. धावत जा आणि तिला थांबव, एवढं सांगितलं. त्यानंतर तिचा फोन लागेना. पंचांना गाडीत घालून निघालो. सबंध रस्ताभर मी ड्रायव्हरवर चिडत होतो, आणि चूक त्या बिचाऱ्याची काहीच नव्हती. भीती मला होती. एका चांगल्या माणसाची नोकरी पाण्यात विरघळत असेल आणि मी रस्त्यावरचे खड्डे मोजतोय, असं वाटत होतं.

घाटावर म्हातारी शेवटच्या पायरीवर बसलेली, पाय पाण्यात, गाठोडं मांडीवर. लेक तिचं मनगट धरून रडत होती. खाकी बघून म्हातारी कावरीबावरी झाली, पण गाठोडं सोडेना. देवाचं नदीवर आणलेलं माघारी नेत नाहीत, म्हणाली. गुरुजींनी विनवलं होतं, पण मला खरं सांगावंच लागलं.

"मावशी, हे पाण्यात गेलं तर तुमचा मुलगा कोठडीत जाईल."

तिने पाय पाण्याबाहेर घेतले. मग गाठोडं माझ्या हातात दिलं.

"घ्या. पण काम झालं की तुमच्याच हातानं हितं सोडायचं."

कवचाचे मोठे तुकडे शाबूत होते. आत नळीवरची अक्षरं उलटी उमटली होती, जुन्या स्क्रूंच्या डोक्यांच्या खुणा होत्या आणि कडेला वर्षानुवर्षांचे थरावर थर. त्याच संध्याकाळी तज्ज्ञाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि अटक टळली. पुढे लेखी अहवालही आला, पिस्तूल अस्सल पुरातन, स्क्रू तेवढे नवे. दोस्ताचं नाव गुरुजींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

नवे अधिकारी भेटले की मी सांगतो, घराची झडती घेताना लोकांनी काय जपून ठेवलंय ते बघताच, पण त्यांना काय टाकवत नाही तेही विचारा. आम्ही ते कचरा म्हणून पायाने सारतो.

कोर्टाची परवानगी मिळाली तेव्हा मी म्हातारीला घेऊन त्याच पायरीवर गेलो. सील फोडलं, तुकडे ओंजळीत घेतले. वाकून पाण्यात सोडले. पाणी क्षणभर तांबडं झालं.

म्हातारीने हात जोडले आणि म्हणाली, "जाऊ द्या आता. त्यानं साक्ष दिली."