कलावंतिणीला कठडा नाही

माझ्या साडूने मला फसवलं. उलव्याला राहतो तो. सासऱ्यांकडे सगळे जेवायला बसलो असताना म्हणाला, "कलावंतीणचा सुळका म्हणजे कर्नाळा किल्ल्यासारखंच. पायऱ्या आहेत, कठडा आहे. मी दोनदा जाऊन आलोय. पण साडूभाऊ, तुमचं ते काम नाही. तुम्ही आपले दुकानात बसा."

पनवेलमध्ये गोणी वाहून टाइल्सचं दुकान उभं केलेला माणूस मी. डोकंच फिरलं. तिथल्या तिथे सांगितलं, "रविवारी टोकावर जाऊन दाखवतो."

बायको साक्षीदार म्हणून आली. डोंगराच्या निम्म्यावर माची आहे, चार घरांची वस्ती; तिथपर्यंतच्या चढाला नुसता घाम गेला, अब्रू शाबूत होती. तिथे एका घरी चहा घेतला. त्या घरच्या ताईच पुढची वाट दाखवणार होत्या.

"वर जाऊन यायला किती वेळ?"

"तुमाला तीन तास."

समोरच्याने सांगितलेला आकडा निम्मा करायचा, ही माझी जन्माची सवय. "दीड," मी म्हणालो.

ताई हसल्या. "बरं दादा, दीड म्हना."

सौदा पटला म्हणून मी खूश. तीनपैकी दोन बाटल्या पाणी त्यांच्या ओट्यावरच ठेवलं. दीड तासाला एक बाटली पुष्कळ झाली!

मग त्या पायऱ्या. कातळात खोदलेल्या, गुडघाभर उंच. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. कठड्याचा पत्ता नाही. पाणी अर्ध्यातच संपलं. मी साडूच्या नावाने ओरडायला लागलो.

"शिव्या खाली गेल्यावर द्या, दादा," ताई म्हणाल्या. "आता दम राखा."

मागून बायको म्हणाली, "अहो, चार पायऱ्या कमी करून मागा ना!"

मला हसू फुटलं. हसता हसता वीसेक पायऱ्या चढलोसुद्धा.

शेवटी दोर लावलेला कातळ आला. मी दोर एकदा ओढून पाहिला आणि सोडून दिला.

"जमंल?" ताईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. इतक्या चटकन मी कुणाशीच सौदा मिटवलेला नाही. ताईंनी मला भिंतीला टेकून बसवलं, स्वतःचं पाणी दिलं आणि बायकोला वर नेलं. टोकावरून ती ओढणी हलवत माझ्याच नावाने आरोळ्या ठोकत होती.

नवख्या माणसाने तिथे जावं का? जरूर जावं, मजा येते. मात्र माचीवरचं माणूस सोबत घ्यावं आणि ते सांगेल तेवढा वेळ धरावा. तो कमी होत नाही, मी मागून पाहिलाय.

बसत, सरपटत खाली आलो. ओट्यावर ताईंनी विचारलं, "कठडा हाय असं कोन बोललं?" मी मोबाइलमधला साडूचा फोटो दाखवला.

"हा व्हय? दोनदा आला, दोनदा पोहे खाऊन इथंच झोपला. वर गेलाच नाय!"

आणि हाच गृहस्थ आता घरोघरी सांगत फिरतो, "साडूभाऊ अर्ध्यातून परतले." परतलो, कबूल. पण तू कुठवर गेला होतास? पुढच्या जेवणाला सासऱ्यांसमोर उभं राहून सांग. उत्तर मिळाल्याशिवाय मी ताटावर बसणार नाही.