दातांखालचं बोट

टोव्हेच्या उजव्या हाताची तर्जनी वाकडी होती, आणि ती कशी वाकली हे डेन्मार्कच्या जटलंडमधल्या त्या अख्ख्या इस्पितळाला तोंडपाठ होतं. अतिदक्षता विभागातल्या रोग्यांना पुन्हा गिळायला शिकवणं हे तिचं काम. लोकांना वाटतं, चमच्याने खीर भरवत असेल. खीर कसली! तेवीस वर्षांत तिने लाथा खाल्ल्या, थुंकी झेलली, एका आजीबाईने तर कानशिलात अशी ठेवून दिली की आठवडाभर कान वाजत होता.

त्यात एगॉन आला. डुकरांच्या कत्तलखान्यात तीस वर्षं सुरा चालवलेला गडी. न्यूमोनियाने पाच आठवडे श्वासाच्या यंत्रावर पडला, गळ्याला भोक पाडून नळी बसवली. शुद्धीवर आला तो पिसाळलेलाच. लिसबेट नर्सच्या पोटात गुडघा घातला, नाकातली नळी दोनदा उपसून फेकली. पाच आठवडे त्या तोंडात नुसत्या नळ्या आणि ब्रश कोंबले होते. जवळ येणारा हरेक हात त्याला वैऱ्याचा वाटे. लाळसुद्धा गिळत नव्हता.

"उद्या सकाळी अन्नासाठी पोटात नळी घालू आणि कायमचा शुश्रूषागृहात धाडू," डॉक्टर प्रेबेन म्हणाला. "पुरे झालं तुझं, टोव्हे."

"उद्या सकाळी ना? मग आज तो माझा आहे."

तिथं धाडलेला माणूस पुन्हा जेवणाच्या टेबलावर बसलेला तिने कधी पाहिला नव्हता.

तिने डावा हात त्याच्या कंठमण्यावर ठेवला आणि गिळण्याची आठवण जागी करायला उजव्या हाताचं हातमोज्यातलं बोट हिरड्यांवरून फिरवायला घेतलं. कचकन दात मिटले. हातमोजा फाटला, हाड कडकन मोडलं, रक्त त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. लिसबेट किंचाळली. प्रेबेन झोपेचं इंजेक्शन घेऊन धावला.

चावलं तर बोट ओढायचं नाही, ओढलं की जबडा आणखी आवळतो, असं ती नव्या पोरींना शिकवायची. शिकवायला काय जातं! आता डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तोंडातून कचकचीत शिव्या सुटत होत्या. पण बोट तिने ओढलं नाही. तेवढ्यात डाव्या हाताखाली कंठमणी वर सरकला आणि खाली आला.

"खबरदार! सुई टोचलीस तर तुझाच गळा धरीन!" ती ओरडली. "गिळतोय तो!"

"तुझं रक्त गिळतोय, वेडे!"

"मग? गिळतोय ना? इथे हात लाव!"

प्रेबेनने हात लावला. कंठमणी पुन्हा सरकला. इंजेक्शन त्याने ट्रेमध्ये ठेवलं, आणि पोटातल्या नळीचं नाव मग कोणी काढलं नाही.

चार महिन्यांनी एगॉन आपल्या पायांनी आला. टोव्हेसमोर बसून त्याने डबा उघडला, काळ्या पावावर कलेजीचा जाड थर होता. एक मोठा घास घेतला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "कुठलं ते?"

तिने वाकडी तर्जनी पुढे केली. ते बोट दोन्ही हातांत धरून तो आडदांड माणूस ढसाढसा रडायला लागला.

"रड नंतर," टोव्हे दरडावून म्हणाली. "आधी तोंडातला घास गिळ."